श्रीलंकेत सुट्टीसाठी घर भाड्याने घेताना : शिरूर-दौंडच्या धम्मबांधवांसाठी माहिती

श्रीलंकेला जायचे म्हटले की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपल्या बहुतेक उपासक-उपासिकांना एकच मार्ग ठाऊक असतो. कोणीतरी धम्मसहल काढतो, माणशी रक्कम जाहीर होते, चाळीस-पन्नास जणांची बस भरते आणि आठ दिवसांत अनुराधापूर, कँडी, कोलंबो उरकून सगळे परत. राहायचे कुठे, ही काळजी सहलवाल्याची. अलीकडे मात्र आमच्याकडे वेगळी विचारणा होऊ लागली आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी करणारा मुलगा, रेल्वेतून निवृत्त झालेले वडील, शाळेत शिकवणारी सून, दोन लहान मुले. अशा कुटुंबाला धावपळीची यात्रा नको आहे. चार दिवस एका जागी राहून शांतपणे वंदना करायची आहे आणि चार दिवस समुद्राकाठी नुसते बसायचेही आहे. त्यांना हॉटेलची खोली नको, घर हवे आहे. ते कसे शोधावे, कुठे फसगत होते, पैसे कधी आणि कसे द्यावेत, हे मराठीत एका ठिकाणी सापडत नाही, म्हणून हा लेख.

बौद्ध देशात जाऊन समुद्राकाठी बसणे ही चैन आहे, असे म्हणणारे आपल्यात आहेत. आम्हाला तसे वाटत नाही. ज्यांच्या आजी-आजोबांना जन्मात पगारी सुट्टी मिळाली नाही, त्यांच्या नातवंडांनी ती जरूर घ्यावी. फक्त कष्टाचा पैसा आहे, तो माहिती घेऊन खर्च करावा.

आडनाव न विचारणारी खोली

भाड्याच्या जागेचा विषय आपल्यासाठी नुसता सोयीचा नाही. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या बाबासाहेबांना हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी सराईत त्यांना पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. परदेशात शिकून आलेल्या माणसाची ही गत. आज कायदा वेगळा आहे, पण एमआयडीसीच्या आसपास किंवा पुण्यात खोली बघायला गेलेल्या आपल्या तरुणाला ‘गाव कोणते, पूर्ण नाव काय’ हा प्रश्न कशासाठी विचारला जातो ते कळते. खोली ‘कालच गेली’ हे उत्तरही त्याने ऐकलेले असते.

श्रीलंकेत, थायलंडमध्ये घर भाड्याने देणारा तुमचा पासपोर्ट बघतो, माणसे मोजतो आणि पैसे घेतो. आडनावावरून त्याला काही कळत नाही. अनेकांना पहिल्यांदा परदेशात गेल्यावर हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आमचे म्हणणे इतकेच की या आनंदात डोळे मिटून व्यवहार करू नये. श्रीलंकेत जात नाहीच, हाही गैरसमज आहे. तिथल्या सियाम निकायात परंपरेने गोविगम जातीच्या पुरुषांनाच उपसंपदा मिळत आली, आणि त्यालाच विरोध म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतर जातींच्या लोकांनी ब्रह्मदेशातून उपसंपदा आणून अमरपूर निकाय उभा केला. परक्या पाहुण्याला त्याची झळ लागत नाही, एवढेच. आणि ‘आपण सगळे बौद्ध’ असे म्हणत जवळीक साधणारा दलाल जसा आपल्याकडे असतो तसा तिथेही असतो.

घरे कोणत्या प्रकारची

श्रीलंकेत निवासाची नोंदणी श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरण करते. २००५ च्या पर्यटन कायद्याखाली हे प्राधिकरण झाले. होमस्टे, गेस्ट हाऊस, बंगला, भाड्याचे घर, भाड्याचे अपार्टमेंट असे नोंदणीचे वेगवेगळे प्रकार आहेत. नोंदणी नसलेली घरेही पुष्कळ मिळतात, जरा स्वस्त पडतात, पण वाद झाला तर तक्रार करायला आधार राहत नाही. नोंदणी क्रमांक सरळ विचारावा. ज्याच्याकडे असतो तो लगेच देतो.

होमस्टे म्हणजे मालकाच्याच घरात एक-दोन खोल्या. स्वयंपाक घरची बाई करते, नाश्ता बहुधा भाड्यात असतो. तीन-चार माणसांच्या कुटुंबाला हे सगळ्यात बरे. सहा ते दहा माणसे असतील तर पूर्ण बंगला घ्यावा. तिकडे अशा बंगल्याबरोबर बऱ्याचदा केअरटेकर आणि स्वयंपाकी असतो. तुम्ही बाजार आणून द्यायचा, तो रांधून देतो, जाताना त्याला बक्षिसी द्यायची. आपल्या बायका आठ दिवसांच्या सुट्टीतही चुलीपाशीच अडकणार असतील तर ती सुट्टी पुरुषांचीच झाली. म्हणून स्वयंपाकी असलेले घर थोडे महाग वाटले तरी घ्यावे, असे आम्ही सांगतो.

अपार्टमेंट कोलंबोत मिळतात. वंदनेसाठी गेलेल्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही.

चौथा प्रकार यात्रेकरूंच्या विश्रामशाळांचा. अनुराधापूरसारख्या ठिकाणी त्या आहेत, अत्यंत स्वस्त असतात. पण मोठी दालने, जमिनीवर झोपणे, सामाईक न्हाणीघर हे गृहीत धरावे. पोसोन पौर्णिमेला त्या तिथल्या ग्रामीण भाविकांनी भरून जातात आणि त्यांच्यासाठीच त्या आहेत. ज्यांना परवडते त्यांनी ती जागा अडवू नये.

केव्हा जावे : हीच खरी गोम

घराचे भाडे, ऊन आणि आपली सुट्टी या तिन्हींचा मेळ घालणे अवघड आहे. श्रीलंकेत दोन मोसमी वारे आहेत. नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबरात गॉल, बेंटोटा, हिक्कडुवा, मिरिसा या किनाऱ्यावर पडतो. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारीत त्रिंकोमाली, अरुगम बे या पूर्व किनाऱ्यावर येतो. म्हणजे एका बाजूला पाऊस असला की दुसऱ्या बाजूला ऊन. हे न बघता मे महिन्यात बेंटोट्याचा समुद्रासमोरचा बंगला ‘पन्नास टक्के सवलतीत’ घेणारे लोक आम्हाला माहीत आहेत. सवलत का होती ते तिथे पोहोचल्यावर खवळलेला समुद्र आणि लाल बावटा बघून कळले.

आपल्या शाळांना सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत. या काळात किनारा हवा असेल तर त्रिंकोमालीजवळचे उप्पुवेली किंवा निलावेली निवडावे. अनुराधापूरहून त्रिंकोमाली साधारण १०५ किलोमीटर आहे, त्यामुळे वंदना आणि समुद्र दोन्ही एका मार्गावर होतात. ऊन कडक असते. दौंडच्या मे महिन्यात वाढलेल्यांना तापमानाचा आकडा किरकोळ वाटेल, पण हवा दमट असते आणि घाम वाळत नाही. पंखा आहे की एसी, हा प्रश्न इथे महत्त्वाचा.

एप्रिलच्या मध्यावर जाऊ नये. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असते. स्वयंपाकी, ड्रायव्हर, केअरटेकर सगळे गावी जातात, दुकाने काही दिवस बंद राहतात. तसेही १४ एप्रिल सोडून आपल्यातले कोणी बाहेर जाणार नाही.

दिवाळीची सुट्टी सगळ्यांना सोयीची वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला काळ आहे. पाऊस बेटावर कुठेही पडतो, बंगालच्या उपसागरात वादळे होतात, डोंगराळ भागात दरडी कोसळतात. या दिवसांत भाडे कमी असते. पैसे परत न मिळणाऱ्या अटीवर मात्र घर घेऊ नये.

नाताळात नैऋत्य किनाऱ्यावर स्वच्छ ऊन असते आणि भाडे वर्षातले सर्वांत जास्त. शिवाय १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला महाराष्ट्रभरातून पाहुणे येतात. शिरूर तालुक्यातल्या घरांना तेव्हा कुलूप लावून चालत नाही. निवृत्त मंडळींनी आणि ज्यांना शाळकरी मुले नाहीत त्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ घ्यावा. ऊन तेच, भाडे नाताळपेक्षा उतरलेले.

पौर्णिमेचे वेगळे. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा, म्हणजे ‘पोया’, सार्वजनिक सुट्टीची असते. त्या दिवशी मद्य आणि मांस विकले जात नाही. वैशाखी पौर्णिमेला, ज्याला तिकडे वेसाक म्हणतात, रस्तोरस्ती आकाशकंदील आणि ‘दन्सल’ म्हणजे मोफत अन्नदानाचे मंडप असतात. जूनच्या पोसोनला महेंद्र थेरांच्या आगमनानिमित्त मिहिंतले आणि अनुराधापूरला प्रचंड गर्दी होते. कँडीची एसला पेराहेरा जुलै-ऑगस्टमध्ये. हे सोहळे बघण्यासारखे आहेतच, पण त्या आठवड्यांत कँडी आणि अनुराधापूरला घर काही महिने आधी धरावे लागते आणि दर दुप्पट झाला तरी आश्चर्य वाटायला नको.

मुक्काम कुठे ठेवावा

रोज गाव बदलले की घर भाड्याने घेण्याचा फायदाच संपतो. आमच्या मते दोन किंवा फार तर तीन घरे पुरेत.

विमानतळ कटुनायके येथे, निगोंबोजवळ आहे. कोलंबोत शिरण्याची गरज नाही. रात्री उशिरा उतरणार असाल तर पहिली रात्र निगोंबोत काढावी. पहिले घर दांबुल्ला किंवा सिगिरीयाच्या परिसरात घ्यावे. इथून अनुराधापूर सुमारे ६५ किलोमीटर, पोलोन्नरुवा जवळपास तेवढेच, सिगिरीया २० च्या आत. अनुराधापूर शहरातच राहिलात तर पहाटे जय श्री महाबोधीला चालत जाता येते. ज्यांच्या मनात वंदना पहिली आहे त्यांनी तेच करावे. रुवनवेलीसायच्या पांढऱ्या स्तूपापाशी पहाटे बसायला मिळणे हे बसच्या सहलीत होत नाही. तिथून मिहिंतले १३ किलोमीटर.

दांबुल्ला-हबरणा भागात रानहत्ती रात्री रस्त्यावर येतात. उसातल्या बिबट्यामुळे अंधारात शेतावर जायचे टाळणाऱ्या शिरूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घर मुख्य रस्त्यापासून किती आत आहे ते विचारा आणि सातनंतर पायी फिरू नका. माकडे खिडकीतून आत येतात, फळे उघड्यावर ठेवू नयेत.

दुसरे घर कँडीत. दळदा मालिगावा, म्हणजे दंतधातूचे विहार, इथेच आहे. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब श्रीलंकेत आले तेव्हा कँडीलाही गेले होते. कँडीच्या घरांची एक अडचण जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते. शहर डोंगरांत वसलेले आहे, आणि ‘तलावाचे सुंदर दृश्य’ याचा अर्थ बहुधा ‘पुष्कळ पायऱ्या’ असा असतो. दौंडच्या एका कुटुंबाला रस्त्यापासून घरापर्यंत शंभरावर पायऱ्या निघाल्या. गुडघे दुखणाऱ्या आजींना तीन दिवस घरातच बसावे लागले, त्यांची वंदना एकदाच झाली. गाडी दारापर्यंत येते का, हा एकच प्रश्न आधी विचारला असता तर हे टळले असते.

तिसरे घर किनाऱ्यावर, मोसम बघून.

पैशांचा हिशेब

समजा दोन भावांची कुटुंबे आहेत, आठ माणसे. हॉटेलात चार खोल्या लागतील. एका खोलीला रात्री १२,००० श्रीलंकन रुपये धरले तर ४८,०००. तीन बेडरूमचा बंगला ३६,००० ला मिळाला, स्वयंपाक्यासह, तर राहण्यात १२,००० वाचले आणि जेवणात त्याहून जास्त. हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, दर मोसमाप्रमाणे बदलतो. आपल्या एका रुपयाला तिकडचे तीनाहून अधिक रुपये येतात, त्यामुळे आकडे मोठे दिसतात. घाबरू नये, पण दर रुपयात सांगितला की डॉलरमध्ये, हे मात्र पक्के करावे. बरेच मालक परदेशी पाहुण्यांना डॉलरमध्येच दर सांगतात.

दरापुढे दोन अधिक चिन्हे दिसली तर थांबा. त्याचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे. सेवाशुल्क साधारण १० टक्के असते आणि व्हॅट १ जानेवारी २०२४ पासून १८ टक्के आहे. २०,००० चा दर मग २५,९६० होतो. छोट्या होमस्टेवाल्याला हा व्हॅट बहुधा लागू नसतो. ‘सगळे धरून किती?’ असे लेखी विचारा.

ॲडव्हान्सच्या बाबतीत आमचा सल्ला कडक आहे. एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम यांसारख्या ठिकाणी घर बघितले की काही मालक ‘इथे कमिशन जाते, व्हॉट्सॲपवर या, दहा टक्के कमी करतो’ असे सांगतात. मालक प्रामाणिक असेलही. पण पैसे बाहेरून पाठवले की ती कंपनी हात वर करते, आणि घर अस्तित्वातच नसेल तर परदेशातल्या खात्यात गेलेले पैसे परत आणणे जवळपास अशक्य. फसवणुकीची पद्धत ठरलेली असते: फोटो दुसऱ्याच बंगल्याचे, दर बाजारापेक्षा बराच कमी आणि ‘आज रात्रीपर्यंत भरा, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ अशी घाई. फोटो गुगलच्या चित्रशोधात टाकून बघावेत. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगावे. फाटकापासून आतपर्यंत चालत दाखवा म्हणावे. जो टाळाटाळ करतो त्याला सोडून द्यावे. ओळखीतून, भंतेजींच्या किंवा तिथे आधी राहून आलेल्यांच्या शिफारशीने घर मिळत असेल तर उत्तम, तरीही ॲडव्हान्स थोडाच द्यावा आणि बाकी चावी हातात आल्यावर.

बुकिंग रद्द करण्याची अट वाचावी. कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत, त्यानंतर किती, हे लिहिलेले असते. म्हाताऱ्या माणसांबरोबर जाताना शेवटच्या आठवड्यात बेत फिरू शकतो. २०२२ मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली, पेट्रोलसाठी दिवस-दिवस रांगा लागल्या, वीज तासन्‌तास जाऊ लागली. तेव्हा परत न मिळणारे बुकिंग केलेल्यांचे पैसे अडकले. आज तशी स्थिती नाही, पण जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट करासंबंधी. सहलवाल्याकडून परदेशाचे पूर्ण पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस कापला जातो. दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत. नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते राहण्याचे बुकिंग हे ‘पॅकेज’मध्ये मोडत नाही. कापलेला टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरून तो करात वळता करता येतो किंवा परत मिळतो. आपल्यातले अनेक पगारदार ही रक्कम मागतच नाहीत. सहलवाल्याकडून टीसीएसचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

१२ फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयने पैसे देता येतात. मोठ्या दुकानांत सोय आहे, पण खेड्यातल्या होमस्टेवाल्याला रोखच लागते.

घर घेण्यापूर्वी मालकाशी बोलताना

पायऱ्या, पंखा-एसी, वीज यांचे वर आले. आणखी काही गोष्टी आहेत. एसीचे बिल मीटरप्रमाणे वेगळे आहे का? डिपॉझिट किती आणि परत केव्हा? तळमजल्यावर झोपायची खोली आणि खुर्चीचा संडास आहे का? मच्छरदाण्या आहेत का? श्रीलंकेत डेंग्यू आहे, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पिण्याच्या पाण्याची सोय काय? अनुराधापूर ज्या उत्तर-मध्य प्रांतात आहे तिथे मूत्रपिंडाच्या आजाराचे प्रमाण मोठे आहे आणि स्थानिक लोकही गाळलेले पाणी विकत घेतात. तुम्हीही तेच घ्यावे.

ड्रायव्हरसह गाडी घेणार असाल तर त्याच्या झोपण्याचे काय, हे आधी ठरवा. तिकडची पर्यटक हॉटेले ड्रायव्हरला जागा देतात, भाड्याच्या घरात ती असेलच असे नाही. माणसाला रात्रभर गाडीत झोपवणे आपल्याला शोभत नाही.

मालक पासपोर्टची प्रत मागेल, ती द्यावी. मूळ पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नये. बुकिंग पासपोर्टवर आहे त्याच नावाने करावे. आडनाव बदललेल्यांनी, सासरचे-माहेरचे नाव वेगळे असलेल्या भगिनींनी हे विशेष बघावे.

जेवणाचे म्हणाल तर भात, खोबरे आणि मासे. ‘परिप्पू’ म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची आमटी, ती मुलांना आवडते. संबोलात सुक्या माशाचा चुरा असतो, शाकाहारी असाल तर आधी सांगावे. गव्हाचा आटा सुपरमार्केटमध्ये मिळतो, बाजरीच्या भाकरीची आठवण मात्र येणार. सिंहलीत भाताला ‘बत’ म्हणतात, मिठाला ‘लुणु’, आभाराला ‘स्तुती’, पंचशीलाला ‘पन्सिल’. स्वयंपाक्याशी एवढ्यावरही बरेच जमते.

वागण्यातले काही

आपल्या तरुणांच्या दंडावर, पाठीवर बुद्धाचे गोंदण असते. आपल्यासाठी ती ओळख आहे, अभिमान आहे. श्रीलंकेत तो अवमान समजला जातो. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचे गोंदण असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला अटक करून परत पाठवले होते. पुढे २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देण्याचा निकाल दिला, पण तुमची सुट्टी न्यायालयात जायला नको. विमानतळावर, विहारात आणि किनाऱ्यावरही गोंदण झाकलेले ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. घरात मूर्ती असेल तर त्या बाजूला पाय करून झोपू नये. विहारात पांढरे कपडे, डोके उघडे, पाय अनवाणी.

पौर्णिमेला बंगल्यात मद्य पिऊन गाणी लावणारे आपलेच काही लोक असतात. केअरटेकर उपोसथाला पांढरे नेसून विहारात निघालेला असतो आणि आपण पाहुणे पंचशील मोडत बसलेलो. ते लोक बोलून दाखवत नाहीत, पण पुढच्या भारतीय बौद्धाला घर देताना आठवतात.

थायलंडचे वेगळे

थायलंडमध्ये बँकॉक-पट्टायाच्या सदनिका ‘रोजच्या भाड्याने’ स्वस्त मिळतात. २००४ च्या हॉटेल कायद्याप्रमाणे तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने जागा भाड्याने देण्यासाठी परवाना लागतो. लहान होमस्टेंना काही सूट आहे, पण त्यांनाही प्रशासनाला कळवावे लागते. सोसायटीत राहणारे लोक तक्रार करतात आणि पाहुण्याला रात्री सामानासह बाहेर पडावे लागू शकते. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत मालकाने इमिग्रेशनला कळवणेही बंधनकारक आहे. ‘टीएम थर्टी भरता ना?’ असे विचारावे, मालक खरा की खोटा ते कळते. १ मे २०२५ पासून थायलंडला जाण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते, ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट समजावीत.

निघण्यापूर्वी

पासपोर्टसाठी आपल्याला पुण्यात मुंढव्याच्या सेवा केंद्रात जावे लागते, पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्यातून होते. ज्येष्ठांकडे जन्मदाखला नसतो. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन यांसारखे पर्याय चालतात. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरलेली असावी. राज्य सरकार, जिल्हा परिषद, रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दलातल्या नोकरदारांनी परदेशी जाण्याची परवानगी घेतल्याशिवाय घराचा ॲडव्हान्स भरू नये. परवानगी उशिरा येते आणि बुकिंगची तारीख थांबत नाही.

श्रीलंकेच्या प्रवेश परवान्याचे नियम २०२३ पासून अनेकदा बदलले आहेत. तिकीट काढण्याआधी ‘ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके’ हे सरकारी संकेतस्थळ बघा. तसेच दिसणारी, जास्त शुल्क घेणारी खासगी संकेतस्थळे शोधात आधी येतात. आगमनपत्रावर श्रीलंकेतला पत्ता लिहावा लागतो, म्हणून निदान पहिल्या घराचे नाव, पत्ता आणि मालकाचा फोन कागदावर छापून जवळ ठेवा. सार्क देशांच्या नागरिकांना अनेक प्राचीन स्थळांवर इतर परदेशी पर्यटकांपेक्षा कमी तिकीट असते, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो.

शिरूरकरांना मुंबई विमानतळ सोयीचा. दौंडकरांना आणखी एक वाट आहे. दौंड मुंबई-चेन्नई मार्गावरचे जंक्शन असल्याने रात्रभराच्या गाडीने चेन्नई गाठता येते आणि तिथून कोलंबोचे विमान दीड तासाच्या आसपास. तिकीट पुष्कळदा स्वस्त पडते, पण गाडी उशिरा पोहोचली तर विमान चुकते, म्हणून मध्ये एक रात्र ठेवा.

घरात शिरल्या शिरल्या सगळ्या खोल्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. फुटलेली काच, डाग पडलेली गादी, मीटरचे आकडे त्यात यावेत. तो लगेच मालकाला पाठवा. सोडतानाही तसाच काढा, डिपॉझिट चावी देण्याआधी मोजून घ्या आणि स्वयंपाक्याची बक्षिसी मालकाकडे न देता त्याच्याच हातात द्या.